इराणी परीची मूर्ती: आधी पंख, मग शरीर

बाजारातील बहुतेक परीमूर्तींच्या पाठीवर फुलपाखराचे पंख असतात. इराणी परीशी त्यांचा काहीही संबंध नाही. इराणच्या सफावी राजघराण्याच्या काळातील (१५०१ ते १७३६) लघुचित्रांतल्या परीचे पंख पक्ष्यासारखे, पिसापिसांचे आणि पट्ट्यापट्ट्यांनी रंग बदलणारे असतात, तर मागे कमरेच्या फिती लहरत असतात. ही चित्रे समोर ठेवूनच काम सुरू करावे.

मूर्ती पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या कृत्रिम मातीची), सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि बसलेली असावी, कारण उभ्या मूर्तीला पंखांचा भार मागे खेचतो.

शरीर भाजून झाल्यावर पंख झटपट गोंदाने चिकटवावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. गोंदाचा सांधा ठिसूळ असतो, पंखाचे सगळे वजन त्या नखाएवढ्या जागेवर लोंबकळते आणि धूळ पुसताना बोट लागले तरी पंख हातात येतो. मी सर्वांत जास्त झगडलो तो याच सांध्याशी. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे पंख आधी करणे आणि त्यांची तार मूर्तीच्या कण्याला, म्हणजे शरीराच्या आतल्या उभ्या तारेला, बांधणे.

प्रत्येक पंखासाठी दीड मिलिमीटर जाडीची जस्ती तार वाकवून वरची कमान करावी आणि मुळाशी किमान सहा सेंटिमीटर तार मोकळी सोडावी. क्ले पातळ लाटून पिसे कापावीत, सुईने प्रत्येकाची मधली शीर ओढावी आणि कौले जशी वळचणीपासून वर चढवतात, तशी खालच्या कडेची लांब पिसे आधी व कमानीजवळची आखूड पिसे शेवटी लावावीत. मागची बाजूही पिसांनी झाकावी. सपाट भाजलेला पंख निर्जीव दिसतो, म्हणून तो फॉइलच्या उंचवट्यावर ठेवून बाक देऊनच भाजावा.

त्यानंतर दोन्ही मोकळ्या तारा छातीत एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन कण्याच्या तारेला बारीक तारेने घट्ट आवळाव्यात. पंख हलवल्यावर सगळा सांगाडा हलला पाहिजे. नुसता पंखच हलत असेल तर बांधणी सोडून पुन्हा करावी. मगच सांगाड्यावर फॉइल, त्यावर क्ले, चेहरा, झगा आणि पानांच्या आकाराचा मुकुट.

मूर्ती भाजताना ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) बटणावरील आकड्यावर विसंबू नये. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाकिटावरचे तापमान पाळावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण करपलेल्या क्लेचा धूर त्रासदायक असतो. एकदा भाजलेली क्लेही उष्णतेने पुन्हा लवचीक होते, म्हणून पूर्ण मूर्ती भाजताना पंखांखाली चुरगळलेल्या फॉइलचा टेकू द्यावा.

रंग ॲक्रिलिक: गडद निळा, फिरोजी, शेंदरी, आणि सोनेरी शेवटी. बैठक हिरव्या खडकाची करावी. पऱ्यांचे घर मानला गेलेला काफ पर्वत दंतकथांत पाचूचा आहे. बैठक पंखांच्या टोकांपेक्षा मागे निदान एक बोट जास्त असावी आणि तिच्या पोटात वजनासाठी दगड बसवावा.