साध्या व्होडकाची चव घेण्याआधी

व्होडकाला चव नसते, असं ठासून सांगणाऱ्या बहुतेकांनी ती बर्फासारखी गार करून एका दमात घशाखाली ढकललेली असते. म्हणून तयारीची सुरुवात बाटली फ्रीजरमधून बाहेर काढण्यापासून. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांना, 40 टक्क्यांची व्होडका गोठत नाही. नुसती पाकासारखी दाटते आणि तिचा वास दबतो. अशा गारठ्यात सुमार मालही झकास लागतो. पारखायचं असेल तर घोट जिभेला जेमतेम गार लागला पाहिजे.

बाटल्या तीनच घ्या, आणि त्या किमतीवरून नाही, कच्च्या मालावरून निवडा. एक रायची (राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हाच्या भाऊबंदांतलं धान्य), एक गव्हाची, एक बटाट्याची. बेल्व्हेडेर रायची, अ‍ॅब्सोल्यूट गव्हाची, लुक्सुसोवा बटाट्याची. लेबलवर ‘पाच वेळा डिस्टिल्ड’ (म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेली) लिहिलेलं दिसलं तर फार भाळू नका. युरोपात मूळ अल्कोहोल किमान 96 टक्क्यांचा असावाच लागतो, म्हणजे तो तसाही जवळजवळ शुद्धच असतो. मग पाणी घालून तो 40 वर आणतात. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि त्या पाण्याबद्दल लेबल सहसा गप्प असतं. अमेरिकेत लिटरमागे 2 ग्रॅमपर्यंत साखर घातली तरी ती साधी व्होडकाच ठरते, तेव्हा ‘किती मऊ आहे!’ म्हणताना जरा जपून. तिथल्या नियमांत तर 2020 पर्यंत व्होडकाची व्याख्याच ‘वेगळा वास-चव नसलेली’ अशी होती.

ग्लास मात्र मनावर घ्या. तळाशी फुगीर, वर निमुळते, प्रत्येक बाटलीसाठी वेगळे. गरम पाण्यानं विसळून उघड्यावर निथळू द्या, फडक्यानं पुसू नका. मी एकदा दोन नमुन्यांपुढे ‘ओलं लाकूड’ असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. नंतर रिकामे ग्लास हुंगले तर तोच वास. तो आमच्या कपाटाचा होता. तेव्हापासून ओतण्याआधी रिकामा ग्लास नाकाला लावतो.

त्या दिवशी अत्तर नको, आधीचा तासभर कॉफी आणि टूथपेस्ट नको. पोटात जेवण हवं. खोलीत फोडणी किंवा उदबत्ती चालू नसावी. साधं पाणी, बिनमसाल्याचा पाव आणि थुंकायला एक भांडं हाताशी ठेवा. थुंकायला लाजू नका. गाडी चालवायची असेल तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.

ओतायचं काम दुसऱ्याला द्या. प्रत्येकी 15 मिली, ग्लासांच्या बुडाला आकडे, आणि कुठल्या आकड्याला कुठली बाटली ते त्यालाच माहीत. त्याआधी एक परीक्षा घ्याच: तीन ग्लास, दोनांत एकच व्होडका, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती? माझं पहिल्यांदा चुकलं, तेही दोनदा. त्यानंतर मी ब्रँडवरून वाद घालणं बरंच कमी केलं.

दुसऱ्या फेरीसाठी तितकंच पाणी मिसळून 20 टक्क्यांचे नमुने करून झाकून ठेवा. व्होडकाची जळजळ ही चव नसते. मिरचीनं जे चेततात तेच उष्णतेचे ग्राहक अल्कोहोलनंही चेततात. पाणी घातलं की ती ओरड थांबते आणि आतलं ऐकू येतं. रायचा मिरीकडे झुकणारा झणका, गव्हाचा हलका गोडवा, बटाट्याचा जिभेवर साय धरल्यासारखा जाडपणा. खोटही इथेच उघडी पडते: नेलपॉलिशसारखा वास आला की समजून जा.

हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर पहिल्याच श्वासाला नाक झिणझिणून बधिर होतं. तळहातावर दोन थेंब चोळून हात नाकाशी नेण्याची जुनी युक्तीही करून बघा; अल्कोहोल उडाला की मागे धान्य उरतं. त्यासाठी हात बिनवासाच्या साबणानं धुतलेले हवेत, हेही यादीत घाला.

वहीत शब्द आधी लिहा, आकडे उलगडायचे ते नंतर. आणि रिकामे ग्लास लगेच धुवायला टाकू नका. दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. बटाट्याच्या ग्लासात मला बहुतेक वेळा पावसानंतरच्या मातीसारखं काहीतरी येतं. कपाट तेवढं आधी तपासून झालेलं असतं.