बडग्याच्या पाटीवरचा टोमणा कसा तपासायचा

नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यासोबत बडगे, म्हणजे वाईट गोष्टींवर टोमणे मारणारे पुतळे, निघाले की लोक पुतळ्याआधी त्याच्या गळ्यातली पाटी वाचतात. म्हणून मजकूर रंगवायच्या निदान दोन दिवस आधी ठरवा आणि तपासा.

पाटीतली करणी, म्हणजे ज्याच्यावर टोमणा आहे त्यानं केलेलं वाईट काम, झाकून वाचा. नुसती जात, धर्म, बोली किंवा बाईपण उरलं तरी हसू येत असेल, तर टोमणा करणीवर नव्हताच. ‘खड्डे न बुजवता बिल उचलणाऱ्या ठेकेदाराले घेऊन जाय गे मारबत’ यातलं बिल झाकलं की गंमत संपते. ही पाटी चांगली. ‘बायकोच्या किटकिटीले घेऊन जाय गे मारबत’ यात कुणाची करणीच नाही, सरसकट सगळ्या बायकांना हाणलंय. ही फाडा.

‘एवढ्यानं काय होते?’ असं मंडळात कुणीतरी म्हणतंच. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन यांनी 2004 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचं उत्तर आहे: असा विनोद मनात आकस नसलेल्याला बिघडवत नाही, पण आकस दाबून बसलेल्याला ‘इथं हे चालतं’ असा परवाना देतो. फोर्ड आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगात स्त्रियांबद्दल आकस असलेल्या पुरुषांनी तसले विनोद वाचल्यावर महिला संस्थेला कमी देणगी देण्याची तयारी दाखवली. तोच आकस सरळ विधानांत वाचल्यावर तसं झालं नाही. विधान खटकतं, माणूस सावध होतो. विनोदात ‘मनावर घेऊ नका’ हे आधीच गृहीत असतं, म्हणून पहारा सुटतो. आमच्या मते पाटी लिहिणाऱ्यानं एवढं तरी पाठ करावं.

पहारा परत बसवायचा तर आधी आपण हसू नका. मग शांतपणे विचारा, ‘भाऊ, यात हसासारखं काय आहे, सांग ना?’ सांगायला गेलं की आकस उघडा पडतो. ‘तू जातीयवादी आहेस’ असं चारचौघांत म्हणू नका. अलेक्झांडर झॉप आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या प्रयोगांत टोकल्यामुळे एखाद्या गटाबद्दलचे साचेबंद शेरे कमी झाले, सौम्य टोकलं तरीही. कडक शब्दांनी राग मात्र जास्त आला.

ज्यांच्यावर पाटी आहे त्यांच्यातल्या कुणाला दाखवायची असेल, तर एकट्याला गाठून दाखवा. सगळ्यांसमोर विचारलं तर तो भिडेखातर हसेल, आणि तुम्ही ते होकार समजाल.