अमेरिकेतल्या काउंटी जेलमधून सुटलेल्या व्यक्तीची सार्वजनिक नोंद कशी शोधावी

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीसप्रमुखाच्या, संकेतस्थळावर काल दिसणारं नाव आज दिसत नाही, म्हणजे माणूस सुटला, असा अर्थ बहुतेक जण काढतात. तो बरोबर असेलच असं नाही. त्याला दुसऱ्या काउंटीच्या ताब्यात दिलं असेल, राज्याच्या तुरुंगात हलवलं असेल, इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आइसने, नेलं असेल, किंवा तुम्ही टाकलेलं स्पेलिंगच आज वेगळं असेल. सुटकेची तारीख, वेळ आणि प्रकार लिहिलेली नोंद हाती येत नाही तोवर शोध संपला असं समजू नका. ही नोंद जेलच्या दप्तरात असते आणि तिचं दुसरं टोक कोर्टाच्या दप्तरात. दोन्ही बघावी लागतात.

पायरी १: जेल कोणाचं, ते ठरवा

आपल्याकडे तुरुंग राज्य सरकारचं कारागृह खातं चालवतं. अमेरिकेत काउंटी जेल बहुतेक ठिकाणी तिथला निवडून आलेला शेरीफ चालवतो आणि नोंदीही त्याच्याच कचेरीत असतात. तिथे खटला चालू असलेले कच्चे कैदी आणि साधारण वर्षभराच्या आतली शिक्षा भोगणारे असतात. (कॅलिफोर्नियात २०११ च्या बदलानंतर काही जण याहून लांब शिक्षाही काउंटी जेलमध्येच काढतात.) मोठ्या शिक्षेसाठी राज्याचं प्रिझन आणि केंद्रीय गुन्ह्यांसाठी फेडरल तुरुंग, यांच्या याद्या पूर्णपणे वेगळ्या.

अटक जिथे झाली ती काउंटी धरा, माणूस राहतो ती नव्हे. इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो, कारण आपल्याला शहराचं नाव माहीत असतं, काउंटीचं नाही. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं, जर्सी सिटी हडसनमध्ये, फ्रीमॉन्ट अलामेडात, सनीव्हेल सांता क्लारात. नेपरव्हिल ड्यूपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलं आहे, टेक्सासमधलं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटनमध्ये. अशा ठिकाणी दोन्हीकडे बघा. जुनं वॉरंट दुसऱ्या काउंटीचं असेल तर आधी अटकेच्या काउंटीत आणि मग वॉरंटच्या काउंटीत, अशा दोन नोंदी होतात. पहिले काही तास शहर पोलिसांच्या लॉकअपमध्ये गेले असतील तर तेवढा वेळ काउंटीच्या यादीत काहीच दिसत नाही.

अपवादही लक्षात ठेवा. लुइझियानात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात. कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई आणि अलास्का या सहा राज्यांत जेल आणि प्रिझन एकत्र, राज्याच्याच हाताखाली आहेत. तिथे राज्याच्या करेक्शन खात्याकडे शोधा. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या असल्या तरी रायकर्स आयलंडसह सगळी जेलं शहराचं करेक्शन खातं चालवतं.

पायरी २: नाव नीट मांडा

निम्मे शोध इथेच फसतात. भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या एकाच रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी असतं. बुकिंग, म्हणजे अटकेनंतरची जेलची नोंद, करणारा कर्मचारी ती दोन्ही मिळून पहिलं नाव धरतो, किंवा दुसरं नाव मधल्या रकान्यात टाकतो, किंवा गाळूनच टाकतो. पासपोर्टवर सगळं नाव आडनावाच्या रकान्यात असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ दिसतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. म्हणून आडनाव पूर्ण आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं एवढंच टाकून सुरुवात करा. काही मिळालं नाही तर ‘व’ साठी व्ही आणि डब्ल्यू, ‘क्ष’ साठी एक्स आणि केएसएच, दीर्घ ‘ई’ साठी आय आणि डबल ई, अशी स्पेलिंगं आलटून पालटून बघा. लग्न झालेल्या स्त्रीचं माहेरचं आडनावही तपासा.

जन्मतारीख अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर अशी लिहितात. ५ जुलै हा दिवस घाईत ७ मे म्हणून नोंदला जाऊ शकतो, तेव्हा नाव जुळतंय पण तारीख उलटी दिसतेय, असं असेल तर लगेच नाकारू नका. पण नुसतं नाव जुळलं म्हणून स्वीकारूही नका. जोशी, पाटील, शाह ही आडनावं असलेली माणसं एकेका मोठ्या काउंटीत शेकड्यांनी असू शकतात. जन्मतारीख, उंची, अटकेची जागा यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. चुकीच्या माणसावर अटकेचा शिक्का बसणं ही किरकोळ गोष्ट नाही.

पायरी ३: शेरीफची यादी

काउंटीचं नाव आणि ‘इनमेट सर्च’ किंवा ‘जेल रोस्टर’ असं शोधा आणि पत्ता सरकारी असल्याची खात्री करा. वर येणारे पहिले दुवे पुष्कळदा खासगी, पैसे मागणाऱ्या साइट्सचे असतात. शेरीफची यादी फुकट असते.

यादीत बुकिंग नंबर, बुकिंगची तारीख, आरोप, जामिनाची रक्कम, कोर्टाची पुढची तारीख आणि केस नंबर असतो. बुकिंग नंबर दर अटकेला नवा मिळतो. काही काउंट्या माणसाला कायमचा वेगळा नंबरही देतात. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत त्याला ‘स्पिन’, म्हणजे एसपीएन म्हणतात, आणि त्यावरून जुन्या केसेस सापडतात. नाव दिसतंय तोवर हे सगळे नंबर वहीत उतरवा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. कारण अनेक काउंट्या सुटकेबरोबर नाव काढून टाकतात, काही एक-दोन दिवस ‘रिलीज्ड’ म्हणून दाखवतात, तर काहींकडे जुन्या बुकिंगचाही शोध घेता येतो. जामीन भरल्यावर प्रत्यक्ष बाहेर पडायला कित्येक तास लागतात आणि सुटका मध्यरात्रीनंतरही होते. तेव्हा तारीख एका दिवसाने पुढे दिसली तर ती चूकच आहे असं नाही.

नाव गायब झालं असेल तर सरळ जेलच्या रेकॉर्ड विभागाला फोन करा. बुकिंग नंबर सांगितला की बहुतेक ठिकाणी सुटकेची तारीख आणि प्रकार तोंडी कळतो.

सुटकेचा प्रकार वाचताना

सर्वांत जास्त माहिती या एका रकान्यात असते. ‘ओआर’ किंवा ‘आरओआर’ म्हणजे जातमुचलक्यावर सुटका, पैसे न भरता. ‘कॅश बाँड’ म्हणजे रोख रक्कम कोर्टाकडे जमा. ‘शुअरटी बाँड’ म्हणजे जामीन एजंटमार्फत. या तिन्हींत खटला चालूच असतो. ‘टाइम सर्व्ह्ड’ म्हणजे शिक्षा भोगून झाली. इलिनॉयमध्ये १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद झाला आहे, म्हणून तिथे त्यानंतरच्या नोंदींत रक्कम शोधू नका. कॅलिफोर्नियात ‘८४९(बी)(१)’ दिसलं तर पुरेसा आधार नसल्याने पोलिसांनीच सोडून दिलं. कायद्याने ती अटक न धरता नुसतं ताब्यात घेणं धरलं जातं.

‘रिलीज्ड टू अदर एजन्सी’ किंवा ‘ट्रान्सफर’ लिहिलं असेल तर माणूस घरी गेलेला नाही. अमेरिकन नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत आइस खातं जेलकडे ‘डिटेनर’ पाठवून सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत रोखून ठेवायची विनंती करतं. (कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये राज्याच्या कायद्याने यावर मर्यादा आहेत.) अशा वेळी आइसच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर शोधा. ए-नंबर (इमिग्रेशनच्या कागदांवर परदेशी व्यक्तीला मिळालेला नंबर) आणि जन्मदेश, किंवा पूर्ण नाव आणि जन्मदेश लागतो. इथे नावाचं स्पेलिंग तंतोतंत हवं आणि १८ वर्षांखालच्यांची माहिती तिथे मिळत नाही. पहिल्या दिवशी नाव नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

फेडरल कोठडीचा संशय असेल तर ब्युरो ऑफ प्रिझन्सच्या लोकेटरमध्ये १९८२ पासूनच्या कैद्यांची नोंद आणि सुटकेची तारीख मिळते.

पायरी ४: कोर्टाची नोंद

जेलला फक्त माणूस आत आला आणि बाहेर गेला एवढंच ठाऊक. केसचं काय झालं ते काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टकडे कळतं. केस नंबर टाका, केसमधल्या घडामोडींची यादी, म्हणजे ‘डॉकेट’ किंवा ‘रजिस्टर ऑफ अ‍ॅक्शन्स’ उघडा आणि दोन गोष्टी शोधा: सुटकेचा आदेश कोणत्या दिवशी निघाला, आणि ‘डिस्पोझिशन’, म्हणजे प्रत्येक आरोपाचा शेवट काय झाला. चार आरोपांपैकी तीन मागे घेतले आणि एकात दंड झाला, असं सर्रास होतं. विस्कॉन्सिन, मेरीलँड, इंडियाना या राज्यांत राज्यभराचा शोध ऑनलाइन फुकट आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीचं सुपीरियर कोर्ट वेगळं आणि फौजदारी कागदपत्रं बघायला बऱ्याचदा कोर्टातल्या संगणकावरच जावं लागतं. अटक झाली आणि आरोपपत्रच दाखल झालं नाही, तर कोर्टात काही सापडणारच नाही. मग जेलची नोंद हीच एकमेव.

पायरी ५: लेखी अर्ज

काही महिन्यांपूर्वीची सुटका असेल तर अर्ज करावा लागतो. आपल्या माहिती अधिकारासारखाच प्रकार, पण एक चूक पुन्हा पुन्हा होते: केंद्राचा ‘फोया’ कायदा काउंटीला लागू नाही. अर्जात त्या राज्याचाच कायदा लिहा.

कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट (गव्हर्नमेंट कोड ७९२३.६१०) अटक झालेल्याचं नाव, बुकिंगची वेळ, जामीन, सगळे आरोप आणि ‘सुटकेची वेळ व पद्धत’ द्यायला सांगतो, नोंद देणार की नाही हे १० दिवसांत कळवावं लागतं, आणखी १४ दिवस वाढवून मिळू शकतात. इलिनॉयमध्ये ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर आणि पहिली ५० कृष्णधवल पानं फुकट. टेक्सासमध्ये गव्हर्नमेंट कोडचं प्रकरण ५५२ लागू. माहिती रोखायची असेल तर कचेरीला १० कामकाजाच्या दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. फ्लोरिडात प्रकरण ११९, एकपाठी पानाला साधारण १५ सेंट. वॉशिंग्टन राज्यात जेलचं रजिस्टरच जनतेला खुलं आहे, त्यात सुटकेचा दिवस, तास आणि पद्धत असते; बाकीची कैद्याची फाइल मात्र गोपनीय.

अर्ज चार ओळींचा पुरे: पूर्ण नाव आणि ठाऊक असलेली वेगळी स्पेलिंगं, जन्मतारीख, बुकिंग नंबर किंवा अटकेची अंदाजे तारीख, आणि ‘बुकिंग व रिलीज रेकॉर्ड, सुटकेच्या तारीख, वेळ आणि प्रकारासह’ हे शब्द. ‘या माणसाबद्दलची सगळी माहिती’ असं मोघम मागितलं की अर्ज लांबतो किंवा फेटाळला जातो. वैद्यकीय नोंदी, अल्पवयीनांच्या नोंदी आणि कोर्टाने सील (लोकांसाठी बंद) किंवा एक्सपंज (पुसून टाकलेल्या) केलेल्या नोंदी मिळत नाहीत. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ‘क्लीन स्लेट’ कायदा केल्यानंतर काही राज्यांत पात्र नोंदी आपोआप सील होतात, म्हणून जुनी नोंद ‘नाही’ असं उत्तर आलं तर ते खोटं धरू नका.

पुढची सुटका कळायला हवी असेल तर

घरात मारहाण सोसलेल्या बाईला जुनी नोंद नको असते. तो माणूस कधी बाहेर येतोय, हे तिला त्याच घडीला कळायला हवं. यासाठी ‘वाइन’ ही सूचना सेवा आहे. १९९३ च्या डिसेंबरात केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये एका तरुणीला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, जामिनावर सुटलेल्या माजी प्रियकराने ठार मारलं. तो सुटल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर १९९४ मध्ये ही सेवा त्याच काउंटीत सुरू झाली आणि आज बहुतेक राज्यांत आहे. वाइनलिंक साइटवर राज्य निवडा, कैदी शोधा, फोन, मेसेज आणि ईमेल तिन्ही नोंदवा. सेवा फुकट आहे आणि नोंदणी केल्याचं कैद्याला कळवलं जात नाही. फोनवर सूचना येते तेव्हा तुम्ही ठरवलेला चार आकडी पिन दाबावा लागतो. तो लक्षात राहील असा ठेवा, कारण पिन दाबेपर्यंत फोन पुन्हा पुन्हा येत राहतो. मात्र संगणकाला कळायला उशीर होऊ शकतो. जिवाला धोका असेल तर फक्त या सेवेच्या भरवशावर राहू नका. सरकारी वकिलाच्या कचेरीतल्या, पीडितांना मदत करणाऱ्या व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेटलाही सांगून ठेवा.

या नोंदी कशासाठी वापरता येत नाहीत

भाडेकरू, नोकर किंवा मुलं सांभाळणारी बाई ठेवताना खासगी ‘पीपल सर्च’ साइटचा अहवाल वापरणं १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टमध्ये बसत नाही. त्यासाठी या कायद्याखाली काम करणाऱ्या कंपनीकडूनच तपासणी करून घ्यावी लागते, आणि नोकरीवर ठेवायचं असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमतीही लागते. अटकेचे फोटो छापून मग ते काढून टाकण्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सना एक डॉलरही देऊ नका. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत असे पैसे घेणं बेकायदा आहे.

आणि पुण्या-नाशिकात बसलेल्या आईवडिलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या याद्या भामटेही वाचतात. नाव आणि बुकिंग नंबर बिनचूक सांगून ‘मी शेरीफच्या कचेरीतून बोलतोय, आत्ता पैसे भरा, आज सोडतो’ असा फोन येतो आणि पैसे गिफ्ट कार्ड, झेल (बँकेतून पैसे पाठवायची सेवा) किंवा बिटकॉइनने मागितले जातात. शेरीफची कचेरी असे फोन करत नाही. फोन ठेवा आणि काउंटीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः लावा.

स्वतःचीच नोंद हवी असेल तर

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जात अटक झाली होती का, हे विचारतात, आणि केस रद्द झाली किंवा एक्सपंज झाली असली तरी सांगावं लागतं. इथे जेलचा कागद पुरत नाही. क्लर्ककडून शिक्क्याची ‘सर्टिफाइड डिस्पोझिशन’ घ्या, एकदम दोन-तीन प्रती. शिवाय १८ डॉलर आणि बोटांचे ठसे पाठवून एफबीआयकडून स्वतःचा आयडेंटिटी हिस्टरी सारांश मागवता येतो. जुनी, विसरलेली अटक त्यात निघते. लहान कोर्टं ठरावीक वर्षांनी जुन्या फाइली नष्ट करतात. तसं झालं असेल तर ‘शोध घेतला, नोंद उपलब्ध नाही’ असं क्लर्कच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह लिहून घ्या आणि तेच पत्र अर्जाला जोडा.