ट्यूब उलटी करा, मग पैसे द्या

मेडिकलच्या एकाच कपाटात ९० रुपयांचं मॉइश्चरायझर असतं आणि ९०० रुपयांचंही. दोन्हींच्या पाठीमागची घटकांची यादी वाचली तर पहिली पाच-सहा नावं बरेचदा तीच निघतात: पाणी, ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन किंवा एखादं तेल, सेटाइल अल्कोहोल, स्टिअरिक अ‍ॅसिड, डायमेथिकोन. (यातल्या ‘अल्कोहोल’ शब्दाला घाबरू नका. सेटाइल आणि सेटेरिल अल्कोहोल हे मेणासारखे मऊ पदार्थ आहेत, ते त्वचा कोरडी करत नाहीत.) बाकीचा फरक सुगंधाचा, बाटलीचा, जाहिरातीचा आणि यादीच्या तळाशी टाकलेल्या चिमूटभर अर्काचा. त्यामुळे स्वस्त आणि गुणकारी वस्तू शोधायची तर पुढच्या बाजूवरचं केशर-चंदनाचं चित्र सोडा आणि पाठ वाचा.

यादी वाचायची एक सोपी खूण आहे. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. ती १ टक्क्याची रेघ छापलेली नसते, ती आपणच शोधायची. यादीत ‘फिनॉक्सीइथेनॉल’ हे नाव हुडका. क्रीम नासू नये म्हणून हे घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. ते नसेल तर ‘मिथाइलपॅराबेन’ बघा, ते तर याहूनही कमी असतं. या नावांच्या पुढे जे जे लिहिलंय ते सगळं १ टक्क्याच्या आत. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘केशर’ आणि यादीत केशर फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर, तर त्या केशरासाठी जादा पैसे देऊ नका. नायसिनामाइड (डागांवरचा एक घटक) ५ टक्के असल्याचा दावा असेल, तर ते या नावाच्या आधीच यायला हवं. अपवाद थोडे आहेत: रेटिनॉल (सुरकुत्यांवरचं) आणि सोडियम हायलुरोनेट (ओलावा धरणारं) अगदी कमी प्रमाणातही काम करतात, ते तळाशी दिसले तरी हरकत नाही.

किंमत एमआरपीवर तोलू नका, ग्रॅमवर तोला. पाकिटावर हल्ली एमआरपीजवळच ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती रुपये. समजा एक सनस्क्रीन ५० ग्रॅम ३५० रुपयांना आहे आणि दुसरं ८० ग्रॅम ४८० ला. पहिलं ७ रुपये ग्रॅम पडलं, दुसरं ६. हाताला महाग वाटलेली ट्यूबच स्वस्त निघाली. मात्र वस्तू पहिल्यांदाच घेत असाल तर लहानच घ्या. अर्धी वापरून सोडलेली मोठी बाटली सगळ्यात महाग पडते. ‘तीनचा कॉम्बो’ही तसाच, त्यातलं एकच हवं असतं.

तीन वस्तू पुरतात

चेहरा धुवायला काहीतरी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. टोनर, एसेन्स, शीट मास्क, आय क्रीम यांना हात लावण्याआधी हे तीन नीट बसू द्या.

फेसवॉशवर कमीत कमी खर्च करा. तो अर्धा मिनिट त्वचेवर राहतो आणि मोरीत जातो, त्यामुळे त्यातल्या व्हिटॅमिन सी किंवा सोन्याच्या भस्माचा उपयोग नाही. त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल) ५ च्या आसपास असतो, नेहमीच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते त्याचं हे एक कारण. वेष्टनावरचा टीएफएमचा (साबणातल्या एकूण मेदाचा) आकडा मोठा आहे म्हणून साबण सौम्य असतो, हा गैरसमज आहे. ७६ टक्के टीएफएमचा पहिल्या दर्जाचा साबणही अल्कलीयुक्तच असतो. यादीत ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ किंवा ‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’ पहिल्या काही नावांत असेल तर ते धुणं सौम्य. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर त्वचेवर बसतो, तिथे तर हा फरक आठवड्याभरात जाणवतो. सकाळी नुसत्या पाण्यानेही चालतं. रात्री मात्र धुवा.

मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असलं की निम्मं काम झालं. कोरड्या त्वचेला त्यासोबत पेट्रोलॅटम (पेट्रोलियम जेली), लिक्विड पॅराफिन किंवा शिया बटर हवं. तेलकट आणि मुरमांच्या त्वचेला डायमेथिकोन असलेलं जेल किंवा पातळ लोशन. तेच क्रीम नागपूरच्या हिवाळ्यात छान वाटेल आणि रत्नागिरीच्या जुलैत चिकचिकेल, म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पातळ लोशनवर या. लावायची वेळ महत्त्वाची: आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत, अंग अर्धवट ओलं असताना. पूर्ण कोरड्या अंगावर तेच क्रीम जास्त लागतं आणि काम कमी करतं.

आजीच्या काळापासूनचं ग्लिसरीन-गुलाबपाणी आजही सगळ्यात स्वस्त मॉइश्चरायझर आहे, फक्त त्यातलं लिंबू काढून टाका. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग राहतात. एक भाग ग्लिसरीनला चार भाग गुलाबपाणी घ्या. निव्वळ ग्लिसरीन लावू नका, ते चिकट तर होतंच, शिवाय कोरड्या हवेत त्वचेतलंच पाणी ओढतं. बाटली भरून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. हवं तेवढंच तळहातावर मिसळा. खोबरेल अंगाला, हातापायांना उत्तम. मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला नको, त्याने रंध्रं बुजतात. टाचांच्या भेगांना १० टक्के युरियाचं क्रीम, वर पेट्रोलियम जेलीचा थर आणि सुती मोजे, रोज रात्री.

पैसे खरे घालायचे ते सनस्क्रीनवर

काळे डाग, वांग, सुरकुत्या यांवर पुढे कितीही महाग सीरम लावलं तरी सनस्क्रीन नसेल तर डाग परत येतात. पाकिटावर तीन गोष्टी बघा. एसपीएफ ३० किंवा ५०, यापुढचा आकडा नको. नीट लावलं तर ३० चं सनस्क्रीन उन्हातले यूव्हीबी (त्वचा भाजवणारे) किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं सुमारे ९८, म्हणजे ५० च्या पुढे फक्त किंमत वाढते. दुसरं, पीए+++ किंवा पीए++++. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या किरणांपुरता असतो. त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांचं संरक्षण या अधिकच्या खुणांवरून कळतं. तिसरं, यादीत यूव्हीए अडवणारा घटक आहे का: झिंक ऑक्साइड, एव्होबेन्झोन, बेमोट्रिझिनॉल यांपैकी एखादा. एव्होबेन्झोनच्या जोडीला नुसतं ऑक्टिनॉक्सेट असेल तर ते ठेवून द्या, ही जोडी उन्हात लवकर निकामी होते. सोबत ऑक्टोक्रिलीन असेल तर एव्होबेन्झोन जास्त टिकतं.

सावळ्या त्वचेवर नुसत्या झिंक ऑक्साइडची राखाडी-पांढरी झाक उठते आणि माणसं चार दिवसांत ट्यूब बाजूला टाकतात. रोज लावलं जाईल तेच सनस्क्रीन चांगलं, म्हणून घेण्याआधी जबड्यावर लावून दुकानाबाहेरच्या उजेडात बघा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या यूव्हीनेच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि तो प्रकाश हे रंग अडवतात.

आता प्रमाण. बहुतेकांचं सनस्क्रीन इथेच फसतं. एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं, साधारण १.२ ग्रॅम. एकदम चोपडलं तर थर बसत नाही, एकेक रेघ करून दोनदा लावा. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. घराबाहेर पडण्याच्या १५ मिनिटं आधी लावायचं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

यावरून स्वतःची परीक्षा घेता येते. ट्यूब उघडली त्या दिवशी तिच्यावर बॉलपेनने तारीख लिहा. दिवसातून एकदा पूर्ण लावलं तर ५० ग्रॅम जेमतेम ४१ दिवस पुरतं. तुमची ट्यूब चार महिने चालली असेल, तर तुम्ही गरजेच्या एक तृतीयांशच लावत होता आणि ५० एसपीएफचे पैसे देऊन त्याच्या जवळपासचंही संरक्षण मिळत नव्हतं. म्हणूनच ६ रुपये ग्रॅमचं भरपूर लावलेलं सनस्क्रीन २० रुपये ग्रॅमच्या पुरवून पुरवून लावलेल्यापेक्षा सरस ठरतं. एसपीएफ असलेली पावडर किंवा फाउंडेशन इतक्या जाड थरात कुणी लावत नाही, त्यावर विसंबू नका.

डाग आणि मुरमं

या तीन वस्तू महिनाभर रुळल्या की मगच चौथी वस्तू, आणि एका वेळी एकच. डागांना नायसिनामाइड ४-५ टक्के पुरतं. १० टक्क्यांच्या सीरमने काहींची त्वचा उगाच लाल होते. ते मॉइश्चरायझरमध्येच असेल तर वेगळी बाटली वाचली. ब्लॅकहेड्स आणि बारीक पुटकुळ्यांना २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आधी आठवड्यातून तीन रात्री. लालसर, पू भरलेल्या मुरमांना बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. १० टक्क्यांचं त्याहून फारसं जास्त काम करत नाही, जळजळ मात्र वाढवतं. त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, तेव्हा जुने वापरा. मुरमांवरचं अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्के डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, फक्त रात्री. गरोदरपणात ते बंद. व्हिटॅमिन सीचं सीरम आपल्याकडच्या मे महिन्यात कपाटात राहूनच पिवळं-तपकिरी पडतं. बजेट कमी असेल तर ते यादीतून काढा.

नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. फरक दिसायला मुरमांना ८ ते १२ आठवडे लागतात आणि डागांनाही साधारण तेवढेच. दोन आठवड्यांत ‘काही झालं नाही’ म्हणून बदलत राहिलं की पैसे इथेच गळतात.

आठवड्यात गोरं करणारं क्रीम

जे क्रीम सात दिवसांत उजळवतं, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं नाहीतर पारा. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. सरकारने २०१८ साली अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी गजकर्णाच्या नावाखाली मिळणाऱ्या मिश्र मलमांत ती आजही असतात आणि तीच पुढे चेहऱ्यावर जातात. आधी चेहरा नितळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि थांबवलं की आग आग होते. असं क्रीम महिनोन्‌महिने लावलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात केस पेपर काढून हे तपासून मिळतं. लिहून दिलेलं औषध जनऔषधी केंद्रात आहे का, हेही विचारा.

पाऱ्याचं क्रीम ओळखणं अवघड, कारण ते यादीत लिहीत नाहीत. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ च्या सुमारास गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या बायकांना असाच त्रास झाला. पार्लरमधून डबीत भरून दिलेलं, घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता नसलेलं क्रीम फुकट मिळालं तरी घेऊ नका. बाहेरच्या देशातलं असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवाच. असं क्रीम वापरताना पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीमची डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

घरी आणल्यावर पाकिटावर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असं काही आहे का बघा. उघडल्यापासून तेवढे महिने ते चालतं. डबीपेक्षा ट्यूब बरी, बोटं आत जात नाहीत. आणि सनस्क्रीन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या डिकीत त्यातलं पाणी आणि तेल वेगळं होतं. ट्यूब दाबल्यावर आधी पातळ पाणी आणि मग घट्ट गोळा आला, तर हलवून एकजीव करू नका, फेकून द्या.