ट्रक-बसच्या एअर ब्रेकमध्ये एअर लीक कुठंय ते शोधायची सोपी पद्धत

रात्री उभी केलेली गाडी सकाळी बघावी तर ब्रेकच्या एअर टाकीत हवाच नाही, आणि लीक कानाने काही सापडत नाही कारण बारीक लीकचा आवाजच येत नाही.

स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड कालवून घ्या.

१. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना आधी उटी (अडवायचा ठोकळा) लावा. मग टाकीत ७-८ बार दाबापर्यंत हवा भरून इंजिन बंद.
२. हँडब्रेक सोडून सगळे जॉइंट, नायलॉन पाइपची टोकं, टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह आणि मागचे ब्रेक चेंबर (चाकाजवळचे ब्रेक लावणारे डबे) यांच्यावर ते पाणी फवारा. फेस वाढत गेला की लीक तिथंच.
३. आता हेल्परला पेडल दाबून धरायला लावा आणि पुन्हा फवारा. हे बरेच जण करतच नाहीत, पण पुढच्या चेंबरमध्ये हवा पेडल दाबल्यावरच जाते, म्हणून तिथला फाटका डायफ्राम (आतला रबरी पडदा) एरवी कळतच नाही, आणि मग उगाच चांगले व्हॉल्व्ह बदलले जातात.

जॉइंट खोलायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा. आणि मागच्या स्प्रिंगवाल्या चेंबरचा क्लॅम्प कृपा करून खोलू नका, आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. तो अख्खा चेंबरच बदला.