रानातील ढेकूण आणि फुलपाखरू यांची तुलना कशी करावी

झाडांचा रस शोषणारा रानातील ढेकूण आणि फुलपाखरू यांची तुलना रंगापासून सुरू केल्यास ती दोन ओळींत संपते. म्हणून सुरुवात तोंडापासून करावी. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही आणि पारदर्शक डबी असावी. ढेकूण थोडा वेळ डबीत ठेवता येतो (डिवचल्यास तो उग्र वास सोडतो), फुलपाखरू मात्र बसल्या जागीच पाहावे, कारण पंख बोटांत धरल्यास त्यांवरील खवले निघून येतात.

प्रथम ढेकूण उलटा करून पाहावा. डोक्याखाली, पायांच्या मधून मागे वळवलेली सांधेदार सोंड दिसते. तिच्यातील सुयांसारखे अवयव पेशींत घुसतात, एका नळीतून लाळ आत सोडली जाते आणि दुसरीतून रस वर ओढला जातो. सोंड जाड, आखूड आणि बाकदार असेल, तर तो बहुधा इतर कीटकांना खाणारा शिकारी ढेकूण असतो आणि या तुलनेत त्याला स्थान नाही. फुलपाखराची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आणि कोषातून बाहेर आल्यावर तिचे दोन सुटे भाग जुळून एक नळी तयार होते. दोघेही द्रवच घेतात, पण एकाला तो टोचून मिळवावा लागतो.

त्यानंतर पंख पाहावेत. ढेकणाच्या पुढच्या पंखाचा बुडाकडील भाग चिवट आणि टोक पातळ असते. ते पाठीवर सपाट, एकमेकांवर येतात. भुंग्याच्या पाठीवर दिसणारी मधली सरळ रेघ येथे नसते, आणि नवख्यांची गल्लत नेमकी येथेच होते. फुलपाखराचे पंख खवल्यांनी झाकलेले असतात. शृंगिकांवर (डोक्यावरील मिशांसारख्या अवयवांवर) फार वेळ घालवू नये: फुलपाखराच्या शृंगिकांच्या टोकाला गाठ असते, ढेकणाच्या नसते.

शेवटी त्याच झाडावर पिल्ले शोधावीत. ढेकणाचे पिल्लू मोठ्यासारखेच, पण बिनपंखी असते. बहुतेक जातींत ते ५ वेळा कात टाकून प्रौढ होते, मधे कोष नसतो. फुलपाखराचा सुरवंट मात्र जबड्यांनी पाने कुरतडतो. त्यामुळे पानावर फिकट ठिपके आहेत की कड खाल्लेली आहे, हे झाडाच्या नावासह आणि तारखेसह नोंदवावे.