सातपुड्याच्या घाटात धंदा: टेबलटॉप आरपीजीत व्यापाराचं कॅम्पेन कसं चालवायचं

आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, म्हटलं की आपले लोक गुहा, राक्षस आणि खजिना यातच अडकतात. पण चार प्लेअर, दहा बैल आणि डोक्यावर सावकाराचं कर्ज एवढ्यावर पण जबरदस्त कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढं सरकणारी गोष्ट, चालतं भो, आणि त्यासाठी लागणारा बेबंद मुलूख शोधायला परग्रहावर जायची गरज नाही, आपलं खान्देश आहे की.

१) काळ पकडा. १८१८ ते १८२५ घ्या. पेशवाई बुडालेली, कंपनीचा अंमल आला पण सातपुड्यात तो चालतोय कुठं! मालेगावच्या किल्ल्यातली अरब शिबंदी १८१८ मध्ये कंपनीशी लढली, आणि कंपनीचा अधिकारी औट्रम याची भिल्ल पलटण उभी राहिली थेट १८२५ मध्ये, तर मधली वर्षं तुमची.

२) घाट कोणाचा ते ठरवा. सरकार नाही म्हणजे नियम नाहीत असं नसतं, उलट दर दहा कोसांवर नवा नियम असतो. वाटेची राखण करायची आणि त्याबद्दल हक्क घ्यायचा ही भिल्ल नाईकांची जुनी रीत, तो हक्क बुडाला की लूट सुरू व्हायची. म्हणून भिल्लांना नुसते लुटारू करून टाकू नका, ते आळशी जीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, काम आहे. प्रत्येक नाईकाला नाव द्या, एक रास्त मागणी द्या, एक वैरी द्या. प्लेअरने हक्क दिला तर वाट मोकळी, नाही दिला तर त्यांचं ते बघतील.

३) आता हिशोब, खरी मजा इथं आहे. सुरतेकडून नंदुरबारला आलेलं मीठ वर तोरणमाळकडे न्यायचं, परतताना डिंक, मध, चारोळी, मोहाची फुलं आणायची. आकडे खेळापुरते, इतिहास म्हणून धरू नका: मिठाची गोणी खाली ४ रुपये, वर ७. दहा गोण्यांमागे ३० सुटतात. त्यातून चारा-शिधा ६, राखणदार ५, नाईकाचा हक्क ८ काढा, उरले ११. सावकाराचा दर खेपेचा हप्ता ८. हातात ३ रुपये!

एवढंच ठेवायचं. जास्त सुटले की प्लेअर शेठ होऊन गादीवर बसतात आणि सेशन मेलं. १९७७ च्या ट्रॅव्हलर गेममध्ये हीच युक्ती आहे, तिथं अवकाशजहाज कर्जावर घेतलं तर किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० महिने भरायचे, म्हणजे हप्त्यांतच दुप्पट जातात. मग येईल ते काम धरावंच लागतं, कितीही भानगडीचं असो.

४) भाव डाइसवर सोडा. माल पोचला की दोन डाइस टाका. २-३ आलं तर गोणीमागे २ रुपये कमी, ४ ते ६ आलं तर १ कमी, ७ ते ९ ठरलेला भाव, १० किंवा त्याच्या वर २ जास्त. ३६ पैकी १५ वेळा भाव पडतो, आणि १ रुपया जरी पडला तरी वरच्या हिशोबात ७ रुपयांची खोट बसते, ती परतीच्या मालातूनच भरून निघणार. रिकामे बैल खाली आणले की बसले बोंबलत. पुढच्या बाजाराची खबर मात्र विकत मिळू द्या, लमाणांच्या तांड्याकडून, आडत्याकडून, आणि अधूनमधून ती खोटी निघू द्या.

५) तोच माल त्याच गावी लागोपाठ नेला तर दर खेपेला भाव १ ने उतरवा. हे फार गरजेचं आहे, नाहीतर प्लेअर एकच वाट रेल्वेसारखी धरून बसतात. मग ते स्वतःच विचारतील, सेंधव्याच्या घाटाने मालव्यात शिरलं तर? तिकडची अफू उचलली तर? अफूत पैसा भरपूर ठेवा, पण कंपनीचा डोळा तिच्यावर आहेच, शिवाय राखणदार म्हणून ठेवलेला बेकार अरब शिपाई तोच माल घेऊन पसार होऊ शकतो.

६) वही प्लेअरकडेच द्या. एकाने मुनीम व्हायचं, दर खेपेचं जमा-खर्च त्यानेच लिहायचं, जीएमने फक्त सावकाराचं खातं सांभाळायचं आणि हप्ता चुकला की व्याज चढवायचं. दोन हप्ते चुकले तर सावकाराची माणसं बैल मोजायला येतात, आणि त्या रात्री लढायचं, पळायचं की नाईकाकडे आसरा मागायचा यावर टेबलावर जे भांडण होतं त्यात जीएमने तोंड घालायचं नाही.